डावा पाय तुझा, उजवा तिचा

कुसाताई,

तू गेलीस त्या सकाळी दारात पहिली आली ती तुझ्या सासरची शेजारीण, गोदाकाकू. पदर तोंडाला लावून ती उंबऱ्यातच थांबली आणि मला म्हणाली, "नलू गेली का गं?"

"नलू नाय, कुसुम गेली," मी म्हटलं.

तिच्या ते ध्यानातही आलं नाही. ती तशीच आत गेली, तुझ्या सासूच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "कशी हसवायची गं नलू आपल्याला!"

टीव्हीतल्या एका बाईचं नाव तुला चिकटलं ते मेल्यावरही सुटलं नाही. भावोजींनी पेपरात फोटोखाली चार ओळी छापून आणल्यात. त्यात नाव बरोबर आहे, पण पुढं 'प्रेमळ, सोशिक व मनमिळाऊ' असं लिहिलंय. सोशिक! तू असतीस तर तो पेपर हातात धरून "ही कुणाची बायको मेली?" असं विचारलं असतंस. आपलं भांडण अर्धं राहिलंय, म्हणून मी लिहायला बसले आहे. आता तुला उत्तर देता येत नाही, हा माझा फायदा. माझ्या जागी तू असतीस तर तूही तो सोडला नसतास.

मला तू पहिल्यापासून लंगडीच आठवतेस. तुझा तो ताप, त्यात गेलेला डावा पाय, आईनं बोललेला नवस, हे सगळं मी जन्मायच्या आधीचं. मला कळायला लागलं तेव्हा तू लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून घरात चालायचीस आणि शाळेत जाताना बाबा तुला खांद्यावर घ्यायचे. मी तुझ्याहून चार वर्षांनी धाकटी. दोघींची दप्तरं घेऊन बांधावरून तुमच्या मागं चालत यायची. मला तुझा फार राग यायचा. मलाही खांद्यावर बसायचं होतं. एकदा मी तसं रडून सांगितलं, तर तू वरूनच म्हणालीस, "मंग तू बी पाय मोड." बाबा हसले. मी नाही हसले.

तुझं लग्न काही होत नाही असं धरूनच बाबांनी तुला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. पुढं तू कुंभिवलीच्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर लागलीस, तेही तुझ्या लबाडीनं. समोर जाऊन अर्ज दिला असतास तर फाटकावरूनच परत पाठवलं असतं. तू आधी कर्जतच्या पोस्टातून त्यांना फोन केलास. घरी 'हाय-नाय' बोलणारी तू फोनवर इतकं स्वच्छ, गोड बोललीस की साहेबांनी तिथल्या तिथं "उद्यापासून या" म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू काठी टेकत दारात उभी राहिलीस तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण शब्द गेला होता. त्यानंतर तो बोर्ड तुझा झाला. एसटीनं खोपोली, तिथून मिळेल त्या टेंपोनं कुंभिवली. टेंपोवाले तुला कौतुकानं पुढं बसवायचे आणि तू उशीर केला म्हणून त्यांना शिव्या घालायचीस.

तिशी ओलांडल्यावर दहिवलीचं स्थळ आलं. विनायकभावोजी भातगिरणीत होते. माणूस गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, आईपुढं तर तोंडच उघडायचा नाही. बघायला आले तेव्हा तुझ्या सासूनं सुपारी कातरता कातरता विचारलं, "पाय सोडून बाकी समदं ठीक हाय ना पोरीचं?"

आई घाईनं काही बोलणार तोच तू म्हणालीस, "पाय सोडून बाकी समदं तुमच्या पोरापेक्षा बरं हाय."

मला वाटलं, मोडलं लग्न. पण तुझी सासू मोठ्यांदा हसली. तिला पगारवाली सून हवी होती, आणि अशी बोलणारी सून पगार सोडून घरात बसणार नाही हे तिनं तेव्हाच ओळखलं. पुढं तिला उलटं वाटायला लागलं, ते नातू झाल्यावर.

नितूचा जन्म झाला तेव्हा मी तिथंच होते. तुझी सासू खाटेजवळ आली. तिनं तुझ्याकडं बघितलं नाही, पोराच्या तोंडाकडंही नाही. दुपटं सोडून आधी पाय बघितले. दोन्ही धरून हलवले. मग देवाला हात जोडले आणि त्याला उचलून घेतलं. ते पोर तिनं नंतर खाली ठेवलंच नाही. तू हात पुढं केलास की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, पाडशील." तू दमून कारखान्यातून यायचीस तेव्हा तो तिच्या मांडीवर झोपलेला असायचा. सहा महिन्यांचा झाला तोवर तुला तुझंच पोर मागून घ्यावं लागत होतं. खोटं कशाला बोलू, तिनं त्याला जिवापाड जपलं. त्याला गोवर आला तेव्हा ती अन्नाला शिवली नाही. पण तिच्या जपण्यात तुला जागा नव्हती.

टीव्ही तुझ्या बोनसमधून आला. तू आणलास, आणि त्याच वर्षी 'आठ माणसांचं घर' सुरू झालं. आठवड्यातून एकदा तुझ्या ओटीवर अर्धी आळी जमायची. त्या मालिकेतली थोरली सून म्हणजे नलू. ती काखेत कुबडी घेऊन चालायची आणि एका कचेरीत टायपिस्ट होती. दर आठवड्याला तिची बस चुकायची. दर आठवड्याला कुबडी कशात तरी अडकून कशाचा तरी सडा पडायचा, कधी चहाचा, कधी पोह्यांचा. मग ती चिरक्या आवाजात म्हणायची, "अगंबाई, बस गेली वाटतं!" आणि मागून खूप माणसं हसल्याचा आवाज यायचा. ओटीवरची माणसं त्या आवाजात आपला आवाज मिसळायची आणि हसून झाल्यावर हळूच तुझ्याकडं बघायची.

आणि तू सगळ्यांत मोठ्यांदा हसायचीस. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

"कशाला हसतेस?" मी तुला एकदा मोरीपाशी गाठून विचारलं.

"हसू येतं म्हणून हसते."

"ती तुझीच टिंगल चाललीय."

"मालिकेच्या आधी मला काय म्हणत व्हते? लंगडी. तुझ्यासमोर म्हणत व्हते. नलूला निदान नाव हाय. नोकरी हाय. नवरा हाय. आपल्याकडं कुणाला ठावं व्हतं, कुबडीवाल्या बाईला पगार मिळतो म्हणून?"

"तिला दर आठवड्याला पाडतात, ताई."

"मी रोज पडते," तू म्हणालीस. "ती आठवड्यातून एकदाच पडते. सुखी हाय."

तुझ्याशी भांडण जिंकता येत नसे. तुझा दीर चंदू तुला नलूवयनी म्हणायला लागला. मग आळी म्हणायला लागली, मग टेंपोवाले. तू सगळ्यांना ओ द्यायचीस.

त्या वर्षी गणपतीत कर्जतला एका मंडळानं त्या नटीला बक्षिसं वाटायला आणलं होतं. तू मला ओढत घेऊन गेलीस. ती उंच टाचांच्या चपला घालून मंडपाच्या पायऱ्या दोन-दोन चढून गेली. लोक खट्टू झाले. त्यांना वाटलं होतं, कुबडी घेऊन येईल. कार्यक्रम संपल्यावर मंडळाच्या पोरांनी तुलाच पुढं काढलं. "मॅडम, ही आमची नलू!" नटीनं तुला चालताना बघितलं आणि गालाला हात लावून म्हणाली, "अय्या, तुम्ही अगदी माझ्यासारख्या चालता!"

माझ्या अंगाची लाही झाली. तू मात्र बोर्डावरच्या त्या गोड आवाजात म्हणालीस, "हो ना. तुमचं बघून बघून शिकले."

ती खूश झाली. तिनं तुझ्या हातावर सही केली. ती सही तू घरी येईपर्यंत पुसली नाहीस, दहिवलीच्या पुलावर उभ्या उभ्या पोट धरून हसलीस, आणि मग पाय दुखतो म्हणून कठड्याला टेकलीस. तुला तो किस्सा आयुष्यभर पुरला. मला तो आजही कुणाला सांगता येत नाही.

शेवटच्या भागापर्यंत नलूला मूल झालेलं होतं. त्या भागात नलू कचेरीत जायला निघते, पर्स खांद्याला लावते आणि मागं पाळण्यातून बाळ पडायला लागतं. सगळे ओरडतात. नलू कुबडी फेकून देते आणि धावते. धावते, ताई! दोन्ही पायांनी धावत जाऊन ती बाळाला झेलते. मग सगळं घर रडतं, ती पर्स खुंटीला टांगते आणि सासूला म्हणते की आता माझी नोकरी हीच. टाळ्या. मालिका संपली.

ओटीवर सगळ्यांचे डोळे भरून आले होते. तुझ्या सासूनं नाक पुसलं आणि सगळ्यांच्या देखत तुला म्हणाली, "बघितलंस? आईचं काळीज आसलं का पाय आपोआप येतो."

तू म्हणालीस, "तिच्या पायाला कायबी झालेलं नव्हतं. गणपतीत बघितलंय मी."

"तसं नाय गं," गोदाकाकू समजुतीच्या सुरात म्हणाली. "मनातून पायजे."

त्या दिवशी तू हसली नाहीस. उठून टीव्ही बंद केलास. पण तोपर्यंत झालं होतं. इतकी वर्षं लोकांना तुझी कीव यायची. आता त्यांना तुझा संशय यायला लागला. तुला पाय येत नाही म्हणजे तुझ्या काळजातच खोट असणार, असं बायका नळावर बोलायला लागल्या. 'नलूनं बी नोकरी सोडली' हे तर तुझी सासू रोज ताट वाढताना म्हणायची.

मग घरापुढच्या खळ्यावरची ती संध्याकाळ. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचलेली होती. तू कारखान्यातून आलीस, ओट्यावर बसून बूट काढलास आणि वळ उठलेला पाय चोळत होतीस. मी तुझ्याशेजारी बसले होते. चंदूनं नितूला उडवीवर चढवलं आणि अचानक ओरडला, "वयनी! पोरगं पडतंय!"

तू धावलीस. बूट नाही, काठी नाही. ओट्यावरून एक पाऊल टाकलंस, आणि दुसरं पाऊल नव्हतंच. हनुवटीवर पडलीस, पायरीच्या दगडावर. मी तुला उलटी केली तेव्हा हनुवटी फाटलेली होती आणि तोंडात रक्त होतं. उडवीवर नितू चंदूच्या हातात अगदी नीट होता, टाळ्या वाजवत होता.

चंदू खाली उतरून आला. घाबरला होता, पण तोंडातून निघालं ते हेच: "च्यायला, टीव्हीत तर धावली व्हती!"

त्याला कुणी मारलं नाही. भावोजी तुला टेंपोत घालून कर्जतला डॉक्टरकडं घेऊन गेले, टाके घालून आणले. भावाला एक शब्द बोलले नाहीत. तुझ्या सासूनं हळद-दूध दिलं आणि म्हणाली, "सोताला सांभाळता येत नाय, पोर काय सांभाळनार हाय ही?"

एक दिवस पडून राहिलीस आणि तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून बोर्डावर गेलीस. संध्याकाळी परत आलीस तर घरात नितू नव्हता. सासू त्याला घेऊन कशेळ्याला लेकीकडं गेली होती. चंदूजवळ निरोप ठेवला होता, नोकरी सोडल्याचं कळवा, पोर आणते.

भावोजी म्हणाले, "चार दिवस ऱ्हाऊ दे. आईचा राग शांत होईल."

"तुमची आई शांत होईल तवर माझं पोर मला विसरंल," तू म्हणालीस.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तू मला बरोबर घेतलंस आणि आपण कशेळ्याच्या एसटीत बसलो. बाजाराचा दिवस होता. कोंबड्या, टोपल्या, कातकरणींच्या मोळ्या, त्या गर्दीत तू पट्टी बांधलेली हनुवटी वर करून उभी. कुणी तरी उठून जागा दिली तर म्हणालीस, "बसून जायला मी काय लग्नाला चाललेय?" मला तुझी भीती वाटत होती. मला वाटलं, आज तू कुणाला तरी काठीनं मारणार.

तुझ्या नणंदेचं घर बाजाराच्या मागं होतं. अंगणात पोरं खेळत होती. नितूनं तुला बघितलं. तुझी पट्टी, सुजलेलं तोंड बघितलं आणि तो आत्याच्या लुगड्यामागं लपला. तू हाका मारल्यास. नितू, नितूबाळ, ये. तो आणखी मागं सरला.

"बघ," सासू म्हणाली, "पोर बी घाबरतंय तुला."

तितक्यात नणंदेच्या पोरांपैकी एक ओरडलं, "नलू आली, नलू आली!" आणि लुगड्यामागं नितू खुदकन हसला.

तू ते ऐकलंस. तू एकदा माझ्याकडं बघितलंस. मग काठी उलटी करून काखेत घेतलीस, कुबडीसारखी. खांदा वाकडा केलास, आणि त्या अंगणात सगळ्यांसमोर पाय फरफटवत, धडपडत, चिरक्या आवाजात म्हणालीस, "अगंबाई, बस गेली वाटतं!"

अंगण हसलं. नणंद हसली. बाजारातून जाणारे दोघे-तिघे थांबून हसले. तू पुन्हा केलंस. कुडाला धडकल्यासारखं केलंस, पाण्याची कळशी लवंडलीस. नितू हसत हसत बाहेर आला, धावत आला आणि तुझ्या लोखंडी बुटाला मिठी मारली. तू खाली बसून त्याला मांडीवर ओढलंस. तू हसत होतीस आणि टाके ताणून पट्टी लाल होत होती.

"चला," तू मला म्हणालीस. त्याला कुणी काढून घ्यायला गेलं तर तो तुला सोडेना. "नलू, नलू" करत तुझ्या मानेला लोंबकळत होता. तुझी सासू एसटीपर्यंत रडत रडत मागं आली. तिचं रडणंही खरं होतं.

एसटीत मी तुझ्याकडं बघितलं नाही. तो झोपल्यावर म्हटलं, "लाज नाय वाटली तुला? सोताच्या पोरासमोर जोकर झालीस?"

"आला ना माझ्याकडं?"

"तुझ्याकडं नाय आला. नलूकडं आला."

"मंग नलूकडं येऊ दे," तू म्हणालीस. "झोपलाय तर माझ्याच मांडीवर ना?"

मी त्याच्या अंगावर माझा पदर टाकला. पण मला ते पटलं नव्हतं.

त्यानंतर नितू दिवसा माझ्याकडं राहायला लागला. मी कर्जतच्या शाळेत मास्तरीण, सकाळची पाळी, त्याला बरोबरच न्यायची. तू संध्याकाळी येऊन घेऊन जायचीस. आता तू नाहीस म्हणून एक गोष्ट सांगते. माझं लग्न का जमलं नाही हे तू नेहमी विचारायचीस आणि मी 'मला कुणी आवडलाच नाय' म्हणायची. तीन ठिकाणांहून होकार येऊन परत गेले होते. "थोरली तसली, हिच्या पोटी काय निपजंल?" एका ठिकाणी तर त्यांनी आईच्या तोंडावर सांगितलं. लोकांना तो ताप नव्हे, घराण्याचा दोष वाटायचा. कितीदा तरी ते तुझ्या तोंडावर मारावंसं वाटलं, विशेषतः तू भांडण जिंकायचीस तेव्हा. पण दिवसभर तुझं पोर माझ्या हाताखाली 'अ आ इ' गिरवायचं, ताक प्यायचं, माझ्या पदराला तोंड पुसायचं. तुला दोन्ही पाय धड असते तर मला ते मिळालं नसतं. या हिशेबात कोण कुणाचं देणं लागतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुझे आभार मानायचे तर कुठल्या तोंडानं मानू?

तू ऐकलं असतंस तर काय म्हणाली असतीस, ते मात्र ठाऊक आहे. "बरं झालं. नवरा करून काय दिवे लावनार व्हतीस?"

यंदा आमच्या शाळेच्या गॅदरिंगला तू पहिल्या रांगेत बसली होतीस, पाय लांब करायला जागा हवी म्हणून. पडद्यामागून नाव पुकारलं, इयत्ता पहिलीचा नितीन आता सादर करत आहे नलूवहिनीची नक्कल. मला माहीत नव्हतं. वर्गशिक्षिका दुसरी होती, आणि त्याला हे चंदूनं घरी शिकवलं होतं. पडदा वर जायच्या आधी सगळ्या सभागृहाच्या माना तुझ्याकडं वळल्या. मग तो आला, काखेत लाकडी पट्टी धरून, पाय ओढत. बस गेली वाटतं म्हणाला. लोक लोळले. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, प्लॅस्टिकचा डबा.

टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांत शेवटी थांबलीस ती तू.

वाटेत तो तुझ्या पुढं पुढं उड्या मारत होता. "आई, बरोबर केलं ना गं?"

"नाय," तू म्हणालीस. "पाय चुकला."

तो थांबला.

"तू उजवा ओढलास. तो टीव्हीतल्या बाईचा. माझा डावा हाय. परत करशील तर माझी कर, आनी नीट कर."

तो रस्त्यातच उभा राहून तुझ्या पायांकडं बघत राहिला. इतकी वर्षं तो त्या बुटाला मिठ्या मारत आला होता, पण आत पाय आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. "दुखतो का?" त्यानं विचारलं.

"रोज," तू म्हणालीस.

मला तू हे कधी सांगितलं नव्हतंस. मीही कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, थोबाडीत द्यायची होतीस पोराच्या, आज नाही दिलीस तर उद्या तो तुला रस्त्यात चिडवेल. तू बूट सोडत होतीस. शांतपणे म्हणालीस, "त्याला चंदूनं शिकवलं. चंदूला टीव्हीनं. टीव्हीला कुणी शिकवलं ते हुडकून काढ, मंग सांग थोबाडीत कुणाच्या मारू."

"म्हंजे कुणाचीच चूक नाय?"

"समद्यांची हाय," तू म्हणालीस. "पन मला सकाळची पहिली एसटी गाठायचीय."

आपलं भांडण तिथं राहिलं. पुढं महिन्याभरात तुझे डोळे पिवळे झाले. तशीच बोर्डावर जात राहिलीस, जवळजवळ पडेपर्यंत. काविळीनं तुला आडवं केलं तेव्हा उशीर झाला होता. शुद्धीत होतीस तोवर एकच विचारत होतीस, बोर्डावर कोण बसवलीय? मी म्हटलं, एक नवी मुलगी आहे. "तिला सांग," तू म्हणालीस, "आवाज हसरा ठेवायचा. तोंड कसंबी आसू दे." तुझं शेवटचं धड वाक्य ते. नितूसाठी काही सांगशील म्हणून मी कान लावून बसले होते. नाही सांगितलंस. मी त्याला खोटंच सांगितलं आहे, की तुझंच नाव घेत होती.

घाटावर न्यायच्या आधी तुझा बूट काढायचा की नाही यावर पुरुषांची चर्चा झाली. सासू म्हणाली, "काढा. पुढल्या जन्मी परत लंगडी नको यायला." भावोजींनी पट्टे सोडले. इतक्या वर्षांत त्यांनी तो बूट कधी सोडला नसावा. बकल कुठं आहे ते त्यांना सापडत नव्हतं. शेवटी ते मी सोडलं. कारखान्यातून एकजण हार घेऊन आला होता. त्यानं चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आम्ही बाईंना आवाजानंच ओळखायचो." त्या दिवसांत कुणी तुझ्याबद्दल बोललेलं एवढं एकच वाक्य मला बरं वाटलं.

तेरावं झालं. पाहुणे अजून गेले नव्हते, पुरुष ओट्यावर पान खात बसले होते, आणि भावोजींच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं. इतक्यात? हो, इतक्यातच. पोर लहान आहे, घरात बाई हवी, असं सगळ्यांचं म्हणणं. भावोजी खाली बघत होते. नाही म्हणाले नाहीत. मी दारात उभी होते. नितू माझ्याकडं राहू दे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तुझी सासू आधी बोलली. उसासा टाकून म्हणाली, "यायेळी दोनी पाय धड बघून आनू."

दोघं-तिघं हसले. चंदूही हसला.

नितू पायरीवर बसून उरलेल्या बुंदीचा लाडू खात होता. तुझी हनुवटी फुटली तीच ती पायरी, पण ते त्याला माहीत नाही. त्यानं मान वर करून आजीकडं बघितलं. रडवेला नव्हता. खरंच विचारत होता.

"आई लंगडी व्हती," तो म्हणाला, "तरी येवढ्या लौकर गेली. मंग दोन पायांची किती लौकर जाईल?"

ताई, त्या घरात तुझ्या पायावरून काही बोललं गेलं आणि कुणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.